नको वाटलं तर परत आणा

गावच्या वाचनालयानं वाचकाला पुस्तक सुचवावं, की मागेल ते काढून देऊन गप्प बसावं? प्रश्न किरकोळ वाटतो. पण गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे तो ठेवला, तर चहा दोनदा सांगावा लागेल. पुढच्या संवादातली दोन्ही माणसं मी कल्पिलेली आहेत. त्यांचे मुद्दे मात्र खरे आहेत, आणि ज्यांना वाचनालय आपलं वाटतं अशा लोकांतच ते निघतात. एक आहेत अर्जुनी मोरगावकडच्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. दुसरे तिथल्याच कार्यकारी मंडळावरचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारा गाव गुरुजी म्हणतो. बाईंनी दाराशेजारी एक फळा लावलाय. वाचनालयात काम करणाऱ्यांना जे आवडलं त्याच्या चिठ्ठ्या त्यावर असतात: पुस्तकं, नाटकं, सिनेमे, मालिका. वरती रकाने आखलेले आहेत, लहानग्यांसाठी, शाळकरी मुलांसाठी, मोठ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी. गुरुजींना हा फळा मान्य नाही.

माझं मन बाईंकडे झुकतं, हे आधीच सांगून टाकतो. पण गुरुजी जे बोलतात ते बाजूला सारता येण्यासारखं नाही, म्हणूनच हा संवाद लिहावासा वाटला.

गुरुजी : बाई, तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. दाखल नोंदवही चोख असते, कपाटं साफ असतात. पण हा फळा तेवढा काढा. वाचनालय गावाच्या वर्गणीवर आणि सरकारच्या अनुदानावर चालतं. ग्रंथपालाला काय आवडतं हा त्यात विषयच नाही. माणूस येईल, पुस्तक मागेल, तुम्ही नोंद करून द्याल.

बाई : मागायला नाव तरी ठाऊक पाहिजे ना, गुरुजी? ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याला लेखकांची नावं माहीत असतात. तो येतो आणि थेट मागतो. ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकापलीकडे काही नाही, तो टेबलाशी येऊन नुसता उभा राहतो आणि म्हणतो, काही चांगलं असलं तर द्या. मागेल तेवढंच द्यायचं ठरवलं, तर ज्याला आधीच मिळालंय त्यालाच आणखी मिळत राहील.

गुरुजी : मग त्याला चाळू द्या. कपाटं उघडी ठेवा. चाळता चाळता माणूस आपलं पुस्तक आपण शोधतो. तो आनंद तुम्ही त्याच्याकडून का काढून घेता?

बाई : कपाटं उघडीच आहेत. पण ओळीनं उभी लावलेली पुस्तकं बघून नवख्याला त्यातलं काय कळणार? तुम्ही गणित शिकवलंत म्हणून सांगते. रंगनाथनही मद्रासला गणितच शिकवत होते. १९२४ साली ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं सूत्र वाचकाची बाजू घेतं, त्याला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे म्हणतं. तिसरं सूत्र पुस्तकाची बाजू घेतं, की त्यालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मागेल ते दिलं की दुसरं सूत्र अर्धंमुर्धं पाळलं जातं. पण जे पुस्तक कोणी मागतच नाही, त्याच्या बाजूनं कोणी बोलायचं?

गुरुजी : चांगल्या पुस्तकाला वकील लागत नाही. आपला भवभूती घ्या. आमगावजवळचं पदमपूर म्हणजेच त्याचं पद्मपूर, असं महामहोपाध्याय मिराशींनी दाखवलं. आठव्या शतकातला कवी. त्याच्या हयातीत त्याला नावं ठेवणारे होते. तरी ‘मालतीमाधवा’च्या आरंभी त्यानं किती शांतपणे भरवसा दाखवलाय, की आज ना उद्या, इथे नाहीतर आणखी कुठे, आपल्याच मनाचा कोणी निपजेल. त्यानं कोणाकडे शिफारस मागितली नाही.

बाई : भवभूती बाराशे वर्षं थांबू शकतो. आठवीतल्या मुलीला तेवढी सवड नसते. तिच्याकडे शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ, आणि तोही रोवणीच्या दिवसांत नाही. तेवढ्यात तिच्या हाती चुकीचं पुस्तक पडलं, तर पुढच्या वेळी ती वाचनालयात येणारच नाही.

गुरुजी : आता खरं सांगतो. शाळेत आम्ही मास्तरांनी जन्मभर हेच केलं. ‘श्यामची आई’ वाचा, अमुक चरित्र वाचा. पोट्ट्यांनी वाचलं. काऊन वाचलं? सांगणाऱ्याच्या हातात छडी होती, आणि छडी गेली तेव्हा गुण होते. शाळा सुटली तशी पुस्तकंही सुटली. आज तेच पोट्टे तिरोड्याला, नागपूरला नोकरी करतात, भेटले की पाया पडतात, आणि शाळेनंतर काय वाचलं विचारलं तर मान खाली घालतात. सांगून वाचलेलं पुस्तक सांगणाऱ्याचंच राहतं, बाई. वाचणाऱ्याचं होत नाही.

बाई : हे तुमचं पटतं. पण माझ्या हातात छडीही नाही आणि गुणही नाहीत. फळ्यावरची चिठ्ठी वाचून कोणी पुस्तक नेलं आणि दुसऱ्या दिवशी आणून ठेवलं, तर मी विचारतसुद्धा नाही की का आणलं. आवडलं नाही, एवढं पुरतं. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी मी तेच लिहिते, नको वाटलं तर परत आणा.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. मुलांना आयुष्यात सुचवणारे कमी नसतात. शाळा सुचवते, बाप सुचवतो, शिकवणीवाले सुचवतात, हल्ली मोबाइल तर झोपू देत नाही इतकं सुचवतो. यातल्या शाळेला आणि बापाला नाही म्हटलं की किंमत मोजावी लागते. मोबाइलला नाही म्हटलेलं कळतच नाही. काल जे पाहिलं त्याच्यासारखंच तो आज पुढे करतो. वाचनालयाचं सुचवणं वेगळं आहे ते याच एका बाबतीत: ते नाकारायला काहीच लागत नाही. दंड नाही, गुण कापले जाणं नाही, कोणाचं तोंड उतरणं नाही. ग्रंथपालाची शिफारस मोलाची ठरते ती यामुळेच, असं मी मानतो. बाईंचं वाचन दांडगं असेल किंवा नसेल, तो मुद्दा नंतरचा.

बाई : अमेरिकेत सिएटलला नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. १९९८ साली त्यांनी अख्ख्या शहरानं एकच पुस्तक वाचायचा उपक्रम सुरू केला, पुढे तो जगभर गेला. पण मला त्यांचा दुसरा नियम जास्त आवडतो. कुठलंही पुस्तक पन्नास पानं वाचून बघा, नाही रुचलं तर सोडा. आणि वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं पुरेत. जसं वय वाढेल तशी पुस्तक सोडण्याची मोकळीक वाढते.

गुरुजी : म्हणजे मला पंचवीसेक पानांत निकाल देता येईल. हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. हाती घेतलेलं पुस्तक संपवायचं, हेच संस्कार. चला, चिठ्ठ्या तरी वाचून दाखवा. लहानग्यांसाठी काय लावलंय?

बाई : माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’. शिपाईमामांनी निवडलंय, मी नाही. त्यांची नात चित्रं बघून स्वतःच्या घरातली माणसं ओळखायला लागली, म्हणून. शाळकरी मुलांसाठी ‘तोत्तोचान’, तेत्सुको कुरोयानागींचं, चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणलेलं. तोत्तोचानची शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते. आपल्या मुलांना ही शाळा समजावून सांगावी लागत नाही. गोंदिया जंक्शन पाहिलेलं पोरगं पहिल्या पानापासून डब्यात जाऊन बसतं. थोड्या मोठ्यांसाठी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. गवाणकर स्वतः ग्रंथपाल होत्या, याचा मला अभिमान वाटतो. पण चिठ्ठीवर मी ते नाही लिहिलं. लिहिलं ते असं: कापसानं थकलेल्या जमिनीला भुईमुगानं कसं सावरलं, हे ज्याला वाचायचंय त्यानं न्यावं. दोन शेतकरी ते पुस्तक घेऊन गेले, मुलांच्या आधी.

गुरुजी : हे बरं केलं. पुस्तक थोर आहे असं लिहिण्यापेक्षा त्यात काय आहे ते लिहिलेलं बरं.

बाई : आणि ही माझी आवडती चिठ्ठी. दिलीप प्रभावळकर. आजोबांनी त्यांना दूरदर्शनवर चिमणराव म्हणून पाहिलं, चिं. वि. जोशींचा चिमणराव. नातवाला त्यांनी लिहिलेला ‘बोक्या सातबंडे’ द्या. आणि २०१७ चा ‘फास्टर फेणे’ सिनेमा लावा, त्यात ते खुद्द भा. रा. भागवत झालेत. मग भागवतांची फास्टर फेणेची पुस्तकं काढा. एकाच माणसाचा हात धरून घरातल्या तीन पिढ्या चार पुस्तकांपाशी पोचतात.

गुरुजी : चिठ्ठी हुशारीची आहे. पण ती पुण्या-मुंबईच्या घरासाठी आहे. चिमणराव लागायचा तेव्हा आमच्या गावात टीव्ही कोणाकडे होता? आमच्याकडच्या आजोबांच्या आठवणीत चिमणराव नाही. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बन्या फेणेही आमचा नाही. पुस्तकं चांगली आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या फळ्यावर निम्म्याहून जास्त पुस्तकं तिकडच्या लोकांनी तिकडच्या लोकांसाठी लिहिलेली आहेत. आमच्या पोट्ट्यांना वाटेल की गोष्ट घडते ती तिकडेच.

बाई : म्हणून तर खालचा अख्खा कोपरा आपल्या जंगलाला दिलाय. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’, मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’, किरण पुरंदरे यांचं ‘सखा नागझिरा’. आपल्या भागातल्या जंगलांवर मराठीत तीन तीन पुस्तकं, आणि ती आपल्या मुलांना ठाऊक नाहीत.

गुरुजी : आणि तिघंही बाहेरचे. माडगूळकर माणदेशातले, चितमपल्ली सोलापूरचे, पुरंदरे पुण्याचे. एक पाहुणा, एक वनखात्याचा अधिकारी, एक पक्षिनिरीक्षक. जंगल त्यांना दिसलं ते नवलाचं. आमच्या लोकांना ते मोहफुलांचं आणि तेंदूपत्त्याचं आहे, अस्वलाच्या भीतीचं आहे, रानडुकरांनी खाल्लेल्या धानाचं आहे. ते जंगल या पुस्तकांत कितीसं येतं? मुलांनी आपलं रान दुसऱ्याच्या दुर्बिणीतून का बघावं?

बाई : दुर्बिणीतून बघितलेलं खोटं असतं का? तलावाकाठी जन्मलेल्या माणसाला तलाव रोजचा झालेला असतो. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळीनं बांधला, ही कथा आपण सगळे सांगतो. पण त्या बांधावर हिवाळ्यात कुठले पक्षी उतरतात, त्यांची आपल्याकडची नावं काय, हे एका पुस्तकात गोळा करायला सोलापूरहून माणूस यावा लागला. आणि चितमपल्लींनी कधी सगळं आपल्या नावावर घेतलं नाही. नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांबद्दल त्यांनी किती आदरानं लिहिलंय बघा. आदिवासींकडून, ढिवरांकडून शब्द घेतले ते त्यांच्याच खाती जमा केले. ‘पक्षिकोश’ काढून बघा. पाखराच्या शास्त्रीय नावाशेजारी आपल्या माणसांच्या तोंडचं नाव छापलंय. आपल्या मुलांना हेच पहिल्यांदा दाखवायचंय मला, की तुमच्या आजीच्या तोंडचा शब्द कोशात जातो.

गुरुजी : चितमपल्लींबद्दल मी वाकडं बोलणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा घरचं कोणी गेल्यासारखं वाटलं. पद्मश्री त्याच वर्षी मिळाली, फार उशिरा. माझं म्हणणं एवढंच की फळ्यावर ही तीन पुस्तकं लावून आपलं जंगल झालं, असं समजू नका. चौथी जागा रिकामी ठेवा.

बाई : रिकामी म्हणजे?

गुरुजी : रिकामी म्हणजे कोरी. वरती लिहा, हे पुस्तक अजून आपल्यापैकी कोणी लिहिलेलं नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईचं जंगल. सारसाचं घरटं धानाच्या बांधीत सापडलं म्हणून तेवढं धान उभं ठेवणाऱ्या शेतकऱ्याचं जंगल.

गुरुजींची ही सूचना मला फार मोलाची वाटते. आवडीच्या यादीत जे नाही त्यालाही जागा असावी, हे यादी करणाऱ्याला सहसा सुचत नाही. ज्याला यादीच मान्य नाही त्यालाच ते दिसलं.

बाई : ठेवते कोरी. आता मोठ्यांकडे या. झाडीपट्टीच्या नाटकाची चिठ्ठी तुम्हाला खटकली म्हणे.

गुरुजी : खटकली. नाटक आपल्याकडे सांगावं लागतं का कोणाला? दिवाळी झाली, भाऊबीजेपासून मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की वडशाहून कंपन्या निघतातच. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. भोंगा लावलेली गाडी गावोगाव ओरडत फिरते. लेकी माहेरी येतात नाटकासाठी. त्यात वाचनालयाच्या चिठ्ठीची भर कशाला? आणि दर्जाचं काय? मूळ गावकऱ्यांचं नाटक होतं, पोरं तालमी करायची. आता कंत्राटावर कंपनी येते, मधे दोन नाच घुसवते. त्यावर वाचनालयाचा शिक्का मारायचा?

बाई : भोंगा सगळ्याच नाटकांना उत्तम म्हणतो. हंगामात एकाच रात्री शेजारशेजारच्या गावांत नाटकं असतात. माणूस तिकीट काढून, थंडीत कांबळं घेऊन, पहाटेपर्यंत बसतो. त्याला कोणीतरी सरळ सांगायला नको का, की या नाटकात दुसरा अंक ताकदीचा आहे, त्यात सासूचं काम करणारी बाई विसरता येत नाही? पुण्यातल्या नाटकाचं परीक्षण वर्तमानपत्रात येतं. आपल्या नाटकाचं कुठे येतं? झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना कळलं की असं काही आहे. आपल्या वाचनालयात या नाटकाची एकसुद्धा संहिता नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांचा अभ्यास केला, झाडीबोलीची चळवळ उभी केली. ती पुस्तकं तरी नाटकाच्या चिठ्ठीशेजारी ठेवते. रात्री नाटक बघून आलेला माणूस सकाळी कदाचित उचलेल.

गुरुजी : पण तुमची चिठ्ठी लागेपर्यंत नाटक पुढच्या गावाला गेलेलं असतं.

बाई : जाऊ दे की. पुढच्या गावात आपल्या लोकांचे पाहुणे असतात. फोन करतील.

गुरुजी : बरं, नाटकाचं मान्य. पण मग एक सांगा. नाटकाच्या मंडपात तुम्ही रकाने आखता का? पहिल्या रांगेत म्हातारी बसलेली, तिच्या मांडीवर नातू, मागे सून, पलीकडे जावई. बाप मुलाला मारतो तिथे म्हातारी रडते, विनोदी पात्र आलं की नातू हसतो, आणि दोघं एकाच तिकिटात... नातवाला तर तिकीटही नसतं. सगळ्या वयांचं म्हणतात ते हे. आणि इकडे तुमच्या फळ्यावर चार रकाने. सहावीतला हुशार पोट्टा मोठ्यांच्या रकान्यातलं ‘बनगरवाडी’ नेणार नाही, कारण ते त्याचं नाही असं तुम्ही लिहून ठेवलंय. आणि ज्याला वयाच्या पंचविसाव्या वर्षी वाचायची गोडी लागतेय तो लहानग्यांच्या रकान्याकडे लाजून बघणार नाही. अडखळत वाचणाऱ्या मोठ्या माणसाला मोठी अक्षरं, थोडी वाक्यं आणि चित्रं लागतात. त्याच्या तोंडावर तुम्ही दार लावलंत.

बाई यावर पटकन काही बोलत नाहीत. मीही असतो तर बोललो नसतो. वयानुसार पुस्तकं लावणं इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कोणाचा अपमान होतो हे लक्षातच येत नाही. साक्षरता वर्गातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बायका, शाळा अर्ध्यावर सुटलेले तरुण, घरी पोवारी किंवा गोंडी बोलणारी आणि शाळेत मराठीशी झगडणारी मुलं, हे सगळे त्या रकान्यांच्या बाहेर उरतात.

बाई : आईबाप विचारतात, गुरुजी. पाच वर्षांच्या मुलाला काय वाचून दाखवू, म्हणून. त्यांना काय सांगू?

गुरुजी : तोंडी सांगा. ते मूल कसं आहे ते विचारा आणि मग सांगा. फळ्याला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही, तुम्हाला दिसतं. लिहायचंच असेल तर वय लिहू नका. लिहा, मोठ्या अक्षरांचं आहे, मोठ्यानं वाचायला छान आहे, एका बैठकीत संपतं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ म्हाताऱ्यांच्या रकान्यात काऊन टाकलं? ते तर समोर बसून बोलल्यासारखं लिहिलंय. दुपारी बचत गटाच्या बायका जमतात तिथे कोणीतरी एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही.

बाई : हे करून बघते. आता अभ्यासिका. तिथली मुलं सकाळी सातला येतात, रात्री जातात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. त्यांच्या टेबलावर मला ‘माणदेशी माणसं’ ठेवायचंय. एक व्यक्तिचित्र पंधरा मिनिटांत होतं. जेवणाच्या सुट्टीत वाचतील.

गुरुजी : नाही. तिथे हात लावू नका. त्या पोरांच्या बापानं बोडीकाठचा जमिनीचा तुकडा गहाण टाकलाय. पंधरा मिनिटांत चालू घडामोडींचं एक पान होतं. कथा वाचताना कोणी पाहिलं, तर घरी जाऊन सांगतील की वाचनालयात टाइमपास चालतो, आणि उद्यापासून मुलीला अभ्यासिकेत पाठवणार नाहीत. मुलगा तरी बाहेर फिरेल. मुलीला घराबाहेर बसायला मिळालेली ही एकच जागा आहे.

बाई : पण परीक्षेत अपयश आलं तर त्यांच्याजवळ दुसरं काय उरतं? वर्षानुवर्षं नुसतं घोकलेलं. एखादी गोष्ट तरी सोबतीला असावी.

गुरुजी : असावी. पण ती त्यांनी मागावी. बाकी सगळ्या गावाला तुम्ही सुचवा, या एका खोलीत मागेल तेवढंच द्या.

यावर दोघांचं जुळलं नाही, आणि मला वाटतं जुळू नये. बाईंचं बरोबर आहे. गुरुजींचंही. नाकारण्याची मोकळीक असेल तरच सुचवण्याला अर्थ, असं बाईंची प्रत्येक चिठ्ठीच सांगते. अभ्यासिकेतल्या मुलीला ती मोकळीक आहे का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायला हवा.

बाई : शेवटचं. महिन्यातून एक सिनेमा दाखवायचाय. अत्र्यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. पालेकरांचा ‘बनगरवाडी’. परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’, अविनाश अरुणचा ‘किल्ला’. भिंतीला पांढरी चादर लावू. प्रोजेक्टर तेवढा घ्यावा लागेल.

गुरुजी : वाचनालय म्हणजे टॉकीज नव्हे. सिनेमा दाखवायला लागलात की पुस्तकांना कोण हात लावणार?

बाई : बडोद्याला सयाजीरावांनी हेच केलं होतं, शंभर वर्षांपूर्वी. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला, गावोगाव वाचनालयं काढली, पेट्यांत पुस्तकं भरून फिरती ग्रंथालयं पाठवली. आणि त्याच खात्यात एक शाखा चित्रं दाखवायला होती. सिनेमाचं यंत्र, मॅजिक लँटर्न घेऊन माणसं खेड्यांत जायची, कारण ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही ग्रंथालयाचा हक्क आहे, असं महाराजांना वाटत होतं. सयाजीरावांना जे वाचनालयाचं काम वाटलं ते आपल्याला का वाटू नये?

गुरुजी : सयाजीरावांकडे संस्थानाची तिजोरी होती. आपल्याकडे अनुदानाचा हप्ता कधी येईल याची वाट बघण्यात वर्ष जातं, आणि तुमचा पगार शाळेतल्या शिपायापेक्षा कमी आहे. आधी तो ठराव मांडू द्या मला. प्रोजेक्टरचा ठराव मी मांडणार नाही.

बाई : दुसऱ्या कोणी मांडला तर?

गुरुजी : विरोध करणार नाही. पण सिनेमा संपला की दिवा लावायचा आणि ज्या पुस्तकावरून तो केलाय ते तिथेच टेबलावर ठेवायचं. उचललं नाही कोणी तरी बोलायचं नाही.

बाई : ‘एलिझाबेथ एकादशी’ पुस्तकावरून केलेला नाही, गुरुजी.

गुरुजी : मग त्यात पंढरपूर आहे, पंढरपुराचं ठेवा काहीतरी. आणि सिनेमाला बायका येणार असतील तर संध्याकाळी लवकर लावा, स्वयंपाकाच्या आधी.

बाई : आणि वयाचे रकाने?

गुरुजी : ते आजच पुसा.